जगाच्या नकाशात आपली वस्ती



आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि अश्विन पौर्णिमेला संपतो. या तीन महिन्यांत विहारात ग्रंथवाचन होते, आयाबाया, मुले, म्हातारी माणसे एकत्र बसतात. मुंबईत मलेरिया आणि डेंग्यूचे दिवसही नेमके हेच. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही एक जरा वेगळा धडा घेतला आहे, नकाशाचा. डासांच्या आजाराचा धोका जगात कुठे किती आहे हे शास्त्रज्ञ नकाशावर मांडतात. तो नकाशा कसा तयार होतो, त्यात परळ-लालबागच्या आपल्या वस्त्या कुठे बसतात आणि त्यात आपण स्वतः काय भर घालू शकतो, हे नीट समजून घेऊ.

सुरुवात आपल्याच एका अनुभवापासून करतो.

गेल्या वर्षावासात परळजवळच्या एका वस्तीत आम्ही नेहमी जात होतो. एकाच गल्लीत दहा-बारा दिवसांत पाच घरांत ताप आला. महिला मंडळाने फवारणीसाठी अर्ज दिला. कचेरीत उत्तर मिळाले, "तुमच्या वस्तीचा एकही रुग्ण आमच्याकडे नोंदलेला नाही." आम्हाला राग आला. मग त्या पाचही घरांत जाऊन विचारले, तेव्हा कळले की नोंदवही खरेच कोरी होती. एका घराने मेडिकलमधून गोळ्या आणून ताप उतरवला होता. दोन घरे खाजगी डॉक्टरकडे गेली होती, पण रक्त तपासले नव्हते. चौथ्या घरातला तरुण ताप अंगावर काढत गावी निघून गेला होता. पाचव्या घरातली नऊ वर्षांची मुलगी तेवढी मोठ्या रुग्णालयात दाखल झाली होती, तीही ताप उतरल्यानंतर, पोटात कळा येऊन उलट्या सुरू झाल्या तेव्हा. तिला डेंग्यू निघाला. ती वाचली, आता शाळेत जाते. पण तिच्या आधारकार्डावर गावचा पत्ता होता आणि केसपेपरवर तोच लिहिला गेला. म्हणजे गल्लीतला एकुलता एक तपासलेला रुग्णसुद्धा दुसऱ्याच जिल्ह्याच्या खात्यात गेला.

पाच घरे तापली आणि कागदावर वस्ती निरोगी राहिली. आजचा सगळा धडा या एका गोष्टीवर आहे.

जगाचा नकाशा कसा काढतात?

२०१३ साली ऑक्सफर्ड विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी इतर देशांतील सहकाऱ्यांसह डेंग्यूचा जागतिक नकाशा प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी डेंग्यू कुठे कुठे आढळला याच्या ८,३०९ नोंदी जगभरातून गोळा केल्या. मग प्रत्येक ठिकाणचा पाऊस, उष्णता, ओलावा, शहरी वस्ती, दळणवळण आणि गरिबी यांची माहिती जोडली. जिथे नोंदी होत्या तिथली परिस्थिती कशी आहे ते पाहिले आणि तशीच परिस्थिती जगात आणखी कुठे आहे ते संगणकाने शोधले. त्यावरून नोंद नसलेल्या ठिकाणीही धोका किती असेल याचा अंदाज बांधला.

हिशेब असा निघाला की २०१० या एका वर्षात जगात सुमारे ३९ कोटी लोकांना डेंग्यूची लागण झाली असावी. त्यातल्या सुमारे ९ कोटी ६० लाख लोकांना लक्षणे दिसण्याइतका आजार झाला. जागतिक आरोग्य संघटना त्या वेळी जो आकडा सांगत होती, त्याच्या तिपटीहून ही संख्या जास्त होती. आणि या सगळ्या ओझ्यापैकी सुमारे एक तृतीयांश एकट्या भारतावर होते.

त्या नकाशाने आणखी एक गोष्ट उघड केली. आफ्रिका खंडातून डेंग्यूच्या नोंदी फार थोड्या येत, त्यामुळे तिथे डेंग्यू कमीच असावा असे समजले जाई. नकाशाच्या हिशेबात मात्र आफ्रिकेचा वाटा अमेरिका खंडाइतकाच, किंबहुना थोडा जास्तच निघाला. तिथे रुग्ण होते, पण ताप आला की तो मलेरियाच समजला जाई आणि डेंग्यूची तपासणी होत नसे. न मोजलेला आजार जगाला दिसत नाही, पण माणसाला होतोच.

आपल्या देशाचीही गत वेगळी नाही. २००६ ते २०१२ या काळात भारतात दरवर्षी सरासरी वीस हजारांच्या आसपास डेंग्यूचे रुग्ण सरकारदरबारी नोंदले गेले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मदुराई जिल्ह्यातील पाहणीवरून हिशेब मांडला, तेव्हा खरा आकडा वर्षाला सुमारे ५८ लाख असावा असे दिसले, म्हणजे नोंदीच्या २८२ पट. परळच्या गल्लीतली आमची पाच घरे या मोठ्या फरकाचाच एक कण आहेत.

एका चौकोनात दादर ते चिंचपोकळी

जगाचा हा नकाशा लहान लहान चौकोनांचा बनलेला असतो. एक चौकोन साधारण पाच किलोमीटर लांब आणि पाच किलोमीटर रुंद. प्रत्येक चौकोनाला धोक्याप्रमाणे एक रंग. आता विचार करा. दादर स्थानकापासून चिंचपोकळीपर्यंतचा सगळा पट्टा एवढ्या चौकोनात सहज मावतो. परळ, लालबाग, करी रोड, नायगाव हे सगळे त्यात आले. बी.डी.डी. चाळी आल्या, पन्नास मजली टॉवर आले, गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले मॉल आले आणि पत्र्याच्या वस्त्याही आल्या. सगळ्यांना एकच रंग.

डेंग्यूचा डास मात्र पाच किलोमीटर उडत नाही. तो जन्मभर साधारण चारशे मीटरच्या आत फिरतो, बहुतेक वेळा त्याहूनही कमी. ज्या ड्रममध्ये जन्मला त्याच गल्लीत चावतो आणि त्याच गल्लीत मरतो. म्हणून जगाचा नकाशा सरकारांच्या आणि मोठ्या संस्थांच्या कामाचा असला, तरी कोणत्या गल्लीत आज काय करायचे हे तो सांगू शकत नाही. त्यासाठी घरोघर फिरून काढलेला नकाशाच लागतो. आणि असा नकाशा काढण्याची परंपरा मुंबईला शंभर वर्षांहून जुनी आहे.

विहिरींची मुंबई

परळच्या पोयबावडीतल्या बी.आय.टी. चाळीत बाबासाहेब कित्येक वर्षे राहिले हे आपल्याला माहीत आहे. पोयबावडी या नावातच बावडी आहे, म्हणजे विहीर. गिरगावकडे या. धोबी तलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक. आता तिथे ना तलाव दिसतो ना टाके, पण ही नावे म्हणजे जुन्या मुंबईच्या पाण्याचा नकाशाच आहे. घरांच्या आवारात आणि चाळींच्या चौकात विहिरी होत्या. १८६० च्या सुमारास विहार तलावाचे आणि १८९२ मध्ये तानसाचे पाणी नळाने आले, तरी विहिरी तशाच राहिल्या.

रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत मलेरियाचे जंतू डासाच्या पोटात पाहिले. त्यानंतर कोणता डास कुठे वाढतो याचा शोध सुरू झाला. ग्लेन लिस्टन नावाचे डॉक्टर तेव्हा वऱ्हाडात एलिचपूरला, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातील अचलपूरला होते. त्यांनी तिथल्या डासांचा अभ्यास केला आणि १९०१ साली एका नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या जातीचे नाव ॲनोफिलिस स्टीफेन्साय. शहरातला मलेरिया प्रामुख्याने पसरवणारा डास तो हाच. पुढे लिस्टन मुंबईला परळच्या प्रयोगशाळेत आले, जिला आज आपण हाफकिन संस्था म्हणून ओळखतो. गोदीची मोठी बांधकामे चालू असताना बंदराच्या भागात मलेरियाची साथ आली, तिचाही त्यांनी अभ्यास केला.

मग शहराचा मलेरिया मुळापासून शोधण्याचे काम डॉ. चार्ल्स बेंटले यांच्याकडे आले. त्यांचा अहवाल १९११ साली निघाला. त्यांची पद्धत आपल्यालाही समजण्यासारखी आहे. वारंवार मलेरिया झाला की पोटात डाव्या बाजूला प्लीहा वाढते आणि ती हाताला लागते. बेंटले यांनी शाळकरी मुलांची पोटे तपासली आणि कोणत्या भागात किती मुलांची प्लीहा वाढलेली आहे ते पाहिले. दुसरीकडे विहिरी आणि टाक्या तपासून डासांच्या अळ्या शोधल्या. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्यावर दिसले की मलेरिया मुंबईभर सारखा पसरलेला नाही. ठरावीक भागांत तो दाट आहे आणि त्याचे मुख्य मूळ विहिरी आहेत.

तोवर समज असा होता की मलेरिया म्हणजे दलदलीची, कुजक्या हवेची बाधा. बेंटले यांच्या पाहणीने दाखवले की हा डास दलदलीत नाही, लोक ज्याला चांगले पाणी समजतात त्याच पाण्यात वाढतो. विहिरी झाकण्याचे किंवा बुजवण्याचे काम सुरू झाल्यावर मोठा विरोध झाला. धार्मिक विधींना विहिरीचेच पाणी लागते असे हिंदू आणि पारशी समाजातील अनेकांचे म्हणणे होते. तरीही पुढच्या वर्षांत असंख्य विहिरी बुजल्या किंवा त्यांवर झाकणे बसली. १९२८ मध्ये गॉर्डन कोव्हेल यांनी मुंबईच्या मलेरियाची पुन्हा पाहणी केली.

या इतिहासातून एक गोष्ट लक्षात ठेवावी. विहिरी बंद करता आल्या, कारण नळाचे पाणी आले होते. पर्यायी पाणी नसते तर कितीही कायदे केले असते तरी लोकांनी विहीर सोडली नसती. आज आपल्या ड्रमच्या बाबतीत हाच प्रश्न आहे, त्याकडे शेवटी येऊ.

आपल्याकडचा डास आफ्रिकेत

अचलपूरला वर्णन झालेला आणि मुंबईच्या विहिरींत सापडलेला हा डास आता जगाच्या चिंतेचा विषय झाला आहे. २०१२ साली तो आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील जिबुती या छोट्या बंदराच्या देशात आढळला. त्या वर्षी जिबुतीत मलेरियाचे अवघे २७ रुग्ण नोंदले गेले होते. २०२० साली ती संख्या सत्तर हजारांच्या वर गेली. आफ्रिकेतला मलेरिया मुख्यतः खेड्यांतला, कारण तिथले जुने डास डबक्यांत आणि शेतांच्या कडेला वाढतात. स्टीफेन्साय मात्र शहरातल्या टाकीत, ड्रममध्ये आणि बांधकामाच्या पाण्यात वाढतो. त्यामुळे तिथल्या शहरांना नवे भय निर्माण झाले.

२०२० मध्ये शास्त्रज्ञांनी या डासाचा नकाशा काढला. तो आफ्रिकेत पसरला तर ४४ मोठ्या शहरांतले सुमारे १२ कोटी ६० लाख लोक धोक्यात येतील असा त्यांचा अंदाज आहे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा डास रोखण्यासाठी खास मोहीम सुरू केली. आफ्रिकेतील शहरांमध्ये आता कार्यकर्ते टाक्यांत आणि ड्रममध्ये डोकावून अळ्या शोधत आहेत. एकशेदहा वर्षांपूर्वी मुंबईत जे झाले तेच.

आणि मुंबईतही तो संपलेला नाही. २०१० साली या शहरात मलेरियाचे ७६ हजारांहून अधिक रुग्ण झाले आणि १४५ माणसे दगावली. त्या सुमारास परळ, लोअर परळ, वरळी या गिरणगावात जुन्या गिरण्या पाडून टॉवर उठत होते. खोदलेले खड्डे, लिफ्टच्या खाचा, स्लॅबवर साठवलेले पाणी आणि उघड्या टाक्या यांत डास वाढले. बांधकामावरचे मजूर तिथेच झोपत, तेच आधी आजारी पडत.

दोन डास, दोन सवयी

वस्तीचा नकाशा काढण्यापूर्वी डास ओळखू या.

मलेरियाचा स्टीफेन्साय संध्याकाळनंतर आणि रात्री चावतो. त्याची अळी पाण्याच्या पृष्ठभागावर आडवी पडलेली दिसते. टाकी, ड्रम, विहीर, बांधकामाचे पाणी ही त्याची घरे.

डेंग्यूचा डास म्हणजे एडिस. त्याच्या काळ्या अंगावर आणि पायांवर पांढरे पट्टे असतात. तो दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वी. त्याची अळी पाण्यात डोके खाली करून लोंबकळते आणि ड्रमला हात लागला की वळवळत तळाला जाते. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात आणि पाणी सुकले तरी कित्येक महिने जिवंत असतात. पुन्हा पाणी भरले की अळ्या बाहेर येतात. म्हणून ड्रम नुसता रिकामा करून भागत नाही, आतून काथ्याने किंवा ब्रशने घासावा लागतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असे सांगतात ते याच हिशेबाने.

या दोन्ही डासांना स्वच्छ, साचलेले पाणी लागते. गटाराच्या घाण पाण्यात वाढतो तो तिसरा, क्युलेक्स. तो रात्री सतावतो आणि हत्तीरोग पसरवू शकतो, पण डेंग्यू-मलेरिया त्याच्यामुळे होत नाही.

हा फरक आम्ही मुद्दाम सांगत आहोत. वस्तीत डेंग्यू निघाला की "तुमची वस्तीच घाणेरडी" असे बोलणारे पुष्कळ भेटतात, आणि आपली माणसेही मान खाली घालून ऐकून घेतात. तसे ऐकून घेण्याचे कारण नाही. हा डास टॉवरच्या बाविसाव्या मजल्यावर शोभेच्या बांबूच्या बरणीतही होतो. गटारे साफ झालीच पाहिजेत, ती आपली मागणी आहेच. पण डेंग्यू शोधायचा तर गटारात नव्हे, आपल्या पिण्याच्या ड्रममध्ये डोकावावे लागेल. ऐकीव गोष्टीवर विसंबू नये, स्वतः पाहून पारखावे, हीच आपल्या धम्माची शिकवण आहे.

वस्तीचा नकाशा असा काढा

वर्षावासात विहारात माणसे जमतातच. एका रविवारी वंदनेनंतर हे काम सुरू करता येईल. जुन्या मोठ्या कॅलेंडरची मागची बाजू आणि तीन रंगांची पेने एवढे पुरे.

पहिले काम: वस्ती काढा. गल्ल्या, घरांचे क्रमांक, सार्वजनिक नळ, संडास, विहार, अंगणवाडी, जवळचे बांधकाम. आठवी-नववीच्या मुलामुलींना हे काम द्या, ती उत्तम करतात.

दुसरे काम: निळ्या पेनाने पाणी दाखवा. कुणाकडे किती ड्रम, किती पिंपे, माळ्यावर टाकी आहे का, झाकण घट्ट आहे का. घराच्या आत जसे पाहाल तसे वरही पाहा. पावसाळ्यात पत्र्यावर ताडपत्री टाकतो आणि ती उडू नये म्हणून जुने टायर ठेवतो. त्या टायरमध्ये आणि ताडपत्रीच्या घडीत पाणी साचते. टायर ठेवायचेच तर त्यांना भोके पाडा. फ्रिजच्या मागचा ट्रे, कूलर, कुंडीखालची ताटली, फुटक्या बादल्या पाहा. विहारातही पाहा. बुद्धमूर्तीपुढची फुलदाणी, फुले तरंगत ठेवलेले पाण्याचे भांडे, बोधिवृक्षाच्या रोपाची कुंडी, यांतले पाणी रोजच्या रोज बदलले पाहिजे. घरी बाबासाहेबांच्या फोटोपुढच्या फुलदाणीचेही तसेच.

तिसरे काम: लाल पेनाने ताप दाखवा. ताप कोणत्या तारखेला आला, रक्त तपासले का, काय निघाले. नकाशावर नाव लिहू नका, फक्त घरावर ठिपका आणि तारीख. नावे वहीत ठेवा आणि वही एका जबाबदार ताईकडे ठेवा. ज्या घरात आजार आहे त्या घराला कुणी दूषण देणार नाही, हे आधीच सर्वांना सांगा. घरे आजार लपवू लागली तर नकाशा खोटा होईल.

चौथे काम: दर रविवारी नकाशा पुन्हा भरा. कोणते ड्रम घासले, कुठे अळ्या मिळाल्या, नवा लाल ठिपका कुठे आला. दोन-तीन आठवड्यांत लाल ठिपके कुठे दाट होत आहेत ते दिसेल. त्यांच्या आसपास निळे पाहा. मूळ बहुधा तिथेच सापडते.

पाचवे काम: नकाशाची प्रत आणि निवेदन वॉर्ड कचेरीतील कीटकनाशक विभागाला द्या. परळ-लालबाग-शिवडीसाठी एफ दक्षिण, दादर-माहीमसाठी जी उत्तर, वरळी-प्रभादेवी-लोअर परळसाठी जी दक्षिण, गिरगावसाठी डी विभाग. शिक्का मारलेली पोच घ्यायला विसरू नका. शेजारच्या बांधकामावर किंवा बंद आवारात पाणी साचले असेल, तर मुंबई महानगरपालिका कायदा, १८८८ च्या कलम ३८१ खाली जागेच्या मालकाला नोटीस देण्याचा अधिकार पालिकेला आहे. तसे निवेदनात स्पष्ट लिहा.

धुराच्या फवारणीबद्दल एक खुलासा. धूर फक्त त्या वेळी उडणाऱ्या डासांना मारतो. ड्रममधल्या अळ्यांना त्याने काहीच होत नाही. आठ दिवसांत नवे डास तयार. धूर मागा, पण त्याआधी अळ्या मारा. न झाकता येणाऱ्या मोठ्या टाकीत गप्पी मासे सोडता येतात, ते पालिकेकडे मागा.

ताप आला तर

पावसाळ्यातला कोणताही ताप किरकोळ समजू नका. पहिल्या किंवा दुसऱ्याच दिवशी पालिकेच्या दवाखान्यात किंवा आरोग्य केंद्रात जा. मलेरियाची रक्ततपासणी तिथे मोफत होते. डेंग्यूसाठी पहिल्या पाच दिवसांत एन.एस.वन ही तपासणी आणि त्यानंतर आय.जी.एम. ही तपासणी उपयोगी पडते.

केसपेपरवर आज जिथे राहता तिथलाच पत्ता लिहायला सांगा. आधारकार्ड गावचे असले तरी तोंडी सांगा, खोली क्रमांक आणि वस्तीचे नाव सांगा, लिहिले का ते वाचून पाहा. खाजगी डॉक्टरकडे मलेरिया किंवा डेंग्यू निघाला, तर अहवालाची प्रत घेऊन आरोग्य केंद्रात किंवा घरी येणाऱ्या आरोग्य स्वयंसेविकेकडे कळवा.

तापाला पॅरासिटामॉल चालते, वयाप्रमाणे डॉक्टर सांगतील तितकेच. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा मेडिकलवाल्याने दिलेली दुखण्याची गोळी घेऊ नका, डेंग्यूत त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. पाणी, पेज, लिंबूपाणी, साखर-मिठाचे पाणी भरपूर द्या. पपईच्या पानांच्या रसावर विसंबून दवाखाना टाळू नका.

सर्वांत महत्त्वाचे असे की डेंग्यूत खरा धोका बहुधा ताप उतरताना सुरू होतो, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. पोटात तीव्र कळा, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शौच, हातपाय गार पडणे, मूल सुस्त होणे, लघवी कमी होणे, यातले एकही लक्षण दिसले तर वेळ न घालवता के.ई.एम., नायर, कस्तुरबा किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या. "ताप उतरला, आता बरी आहे" असे त्या मुलीच्या आईला वाटले होते. तसे कोणत्याही आईला वाटेल. म्हणून हे प्रत्येक घरात माहीत हवे.

मलेरिया निघाला तर औषधाचा पूर्ण कोर्स घ्या. व्हायवॅक्स जातीच्या मलेरियाचे जंतू यकृतात लपून बसतात आणि महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. त्यासाठी चौदा दिवसांची गोळी असते. चौथ्या दिवशी बरे वाटले म्हणून ती सोडू नका. गर्भवती स्त्रियांना ही गोळी देत नाहीत, म्हणून दिवस गेले असतील तर डॉक्टरांना आधी सांगा.

ड्रम का लागतात?

नकाशा काढताना एक मावशी आमच्यावर चिडल्या होत्या. म्हणाल्या, "ड्रम ठेवू नका म्हणता. नळ पहाटे तासभर येतो. दिवसभर सहा माणसांनी काय प्यायचे?" त्यांचे म्हणणे खरे होते. ज्या घराला चोवीस तास पाणी आहे त्याला ड्रम लागत नाही. आपल्या घरात ड्रम आहे तो आळसामुळे नाही, पाणी कमी मिळते म्हणून आहे. तेव्हा निळ्या ठिपक्यांचा नकाशा हा पाणीटंचाईचाही नकाशा आहे. निवेदनात तेही लिहा. इतकी घरे, इतका वेळ पाणी, म्हणून इतके ड्रम. वेळ वाढवा, दाब वाढवा, नवी जोडणी द्या. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर आपल्या माणसांनी पाण्याचा हक्क बजावला. नळाच्या पाण्याची मागणी मोजून-मापून, कागदावर मांडून करणे हे त्याच वाटेवरचे काम आहे.

पाणी पुरेसे येईपर्यंत मात्र ड्रमला घट्ट झाकण किंवा दुहेरी सुती कापड बांधणे आणि आठवड्याला तो घासणे हे आपल्या हातात आहे. हक्क मागताना जबाबदारी सोडायची नाही.

२०२४ साली जगभरातून डेंग्यूच्या एक कोटी चाळीस लाखांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. त्या आकड्यात आपल्या गल्लीची ती चार घरे नव्हती. यंदा ताप आलाच तर तो तपासला जावा, आपल्या पत्त्यावर लिहिला जावा आणि त्यावरून कुणीतरी आपल्या गल्लीत यावे. आणि पुढच्या वर्षी त्या नकाशावर लाल ठिपका काढण्याची वेळच येऊ नये, एवढ्यासाठी रविवारचा एक तास द्या.

विहारात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वस्तीत गेल्या पावसाळ्यात किती घरांत ताप आला? त्यांपैकी किती जणांचे रक्त तपासले गेले?

२. "आमच्याकडे नोंद नाही" आणि "आजार नाही" यांत फरक काय?

३. मुंबईच्या विहिरी बंद करता आल्या, मग ड्रम का बंद करता येत नाहीत?

४. आपल्या विहारात आणि घरात आज साचलेले पाणी कुठे कुठे आहे? वाचन संपल्यावर उठून पाहा.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम.